दोन नळ्या

कामाला जें नांव पडतें तें बहुधा त्या कामांतल्या सर्वांत सोप्या भागाचें असतें. लग्न म्हटलें कीं अंतरपाट आणि अक्षता डोळ्यांपुढें येतात. पण ज्यानें घरांत एक तरी कार्य निभावून नेलें आहे त्याला विचारा. मंगलाष्टकांना अर्धा तास पुरतो. खरें कार्य जानवशाच्या पाण्याच्या पिंपांत आणि रुसलेल्या मामांच्या मनधरणींत असतें. 'घर बदललें' असें आपण म्हणतों. त्यांत घर बदलायला एक दिवस लागतो आणि रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला एक वर्ष. मोटारदुरुस्तीच्या धंद्यांतहि हाच न्याय चालतो, हें आम्हांस उतारवयांत कळलें. 'रेडिएटर बदलणें' हें तिकडे एका कामाचें नांव आहे. वास्तविक जुना रेडिएटर उचलून नवा ठेवण्याला वेळ असा लागतच नाहीं. चार बोल्ट काढले कीं तो कपाटांतल्या पुस्तकासारखा वर येतो. सारा वेळ, सारी अक्कल आणि सारा धोका असतो तो त्याच्या कुशींत शिरलेल्या दोन बारीक लोखंडी नळ्या सोडविण्यांत. आणि मौज अशी कीं, त्या नळ्या मूळच्या रेडिएटरच्या नसतातच. त्या असतात गिअरबॉक्सच्या.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अशा नळ्या पाहिल्या नसतील, कारण पाहण्याचा प्रसंग नाहीं. खंडाळ्याच्या घाटांत धापा टाकीत चढणाऱ्या आपल्या मालमोटारी बहुतेक हातानें गिअर बदलण्याच्या. त्यांच्या गिअरबॉक्समध्यें जाड तेल एकदां भरलें कीं तें तेथेंच सुखानें नांदतें. पण अमेरिकेंत 'ट्रक' हा शब्द घरच्या गाडीलाहि लावतात. पुढें दोनतीन माणसें बसतील एवढी जागा, मागें उघडा हौदा, आणि गिअर बदलण्याचें काम माणसाकडे नाहीं. चालकानें एक दांडा एकदां ओढून ठेवला कीं पुढचें सारें गिअरबॉक्स स्वतः पाहून घेतो. हें स्वतः पाहून घेणें सगळें तेलाच्या जोरावर चालतें.

दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवावे आणि एकाचेंच बटण दाबावें; थोड्या वेळानें दुसराहि पहिल्याच्या वाऱ्यानें फिरूं लागतो. हेच दोन पंखे बंद डब्यांत घालून वाऱ्याऐवजीं तेल भरलें म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा तयार झाला. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनीयराची. त्यानें तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें, तें मोटारींसाठीं नव्हे, जहाजांसाठीं. कारण वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरे आणि जहाजाच्या पंख्याला तितका वेग सोसत नसे. मोटारींत ती रुळली ती अमेरिकेंत. १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांना जनरल मोटर्सनें 'हायड्रामॅटिक' नांवाचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स देऊं केला, आणि तेव्हांपासून तिकडच्या माणसाचा डावा पाय हळूहळू बेकार होत गेला.

परंतु तेलानें तेल ढकलायचें म्हणजे घुसळण आली. आपल्या घरांत घुसळणीनें लोणी येतें. येथें नुसती आंच येते. ओझें जड असलें, चढ असला, किंवा गर्दींत मुंगीच्या पावलानें जावें लागलें, कीं तें तेल तापतें. फार तापलें तर करपतें, आणि करपलेल्या तेलावर चालणारा गिअरबॉक्स फार दिवस चालत नाहीं. म्हणून एका नळीनें तें तेल गाडीच्या तोंडाशीं नेतात, तेथें निववितात आणि दुसऱ्या नळीनें परत आणतात. निवविण्याची जागा कोणती, तर रेडिएटरची ती टाकी, जींत निवालेलें पाणी जमतें. त्या टाकीच्या पोटांत एक पितळी नळकांडें बुडवून ठेवलेलें असतें. तेल नळकांड्याच्या आंतून जातें आणि पाणी त्याच्या भोंवतीं फिरतें. तें पाणी तरी कसलें थंड! आपण त्यांत बोट घातलें तर पोळेल. पण तेलाला तेंच गार वाटतें. उलट, कडक हिवाळ्याच्या सकाळीं इंजिनाचें पाणी लौकर तापतें आणि काकडलेल्या तेलाला ऊब देतें.

आमच्या लहानपणीं आमच्या आजोळीं स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्यें एक मातीची भिंत होती. पलीकडे आजी सोवळ्यांत असे, अलीकडे आम्ही पोरें शाळेच्या कपड्यांनिशीं. भिंत ओलांडण्याची कोणाची छाती नव्हती. परंतु चूल भिंतीलगत असल्यामुळें थंडींत ती भिंत अलीकडूनहि ऊन लागे, आणि आम्ही पाठ टेंकून पाढे म्हणत बसूं. ऊब येई, माणूस येत नसे. रेडिएटरच्या टाकींतला व्यवहार अगदीं असा आहे. पाणी आणि तेल रात्रंदिवस पाठीला पाठ लावून राहतात, एकमेकांची ऊब घेतात आणि देतात. मात्र एकानें दुसऱ्याला शिवायचें नाहीं. आजीच्या सोवळ्यामागें काय शास्त्र होतें याचा वाद आम्ही येथें घालीत नाहीं; या सोवळ्यामागें मात्र पक्कें कारण आहे.

तें कारण असें. पितळी भिंतीला भोंक पडलें, कीं इंजिन चालू असतांना तेल पाण्यांत जाऊं शकतें. आणि इंजिन बंद केल्यावर तेलाचा जोर ताबडतोब संपतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब बराच वेळ राहतो, म्हणून मग पाणी तेलांत जातें. तें पाणी एकटें नसतें. थंडींत गोठूं नये म्हणून त्यांत ग्लायकोल मिसळलेलें असतें. हें मिश्रण गिअरबॉक्समध्यें पोंचलें म्हणजे तांबडें तेल गुलाबी आणि फेंसाळ होतें, स्ट्रॉबेरी घातलेल्या दुधासारखें. रंग मोठा गोड दिसतो. परंतु गिअरबॉक्सच्या आंत ज्या चकत्या एकमेकींना धरून गाडी ओढतात त्यांच्यावर कागदासारख्या तंतूंचें अस्तर डिंकवून बसविलेलें असतें, आणि पाणी व ग्लायकोल त्या अस्तराचा नि डिंकाचा घात करतात. अस्तर सुटलें कीं गिअरबॉक्स गेला. शंभरदीडशें डॉलरांच्या रेडिएटरनें कांहीं हजार डॉलरांचा गिअरबॉक्स खाल्ला, अशा कथा तिकडच्या अड्ड्यांवर आपल्याकडच्या भुतांच्या गोष्टींसारख्या सांगतात.

हें ज्ञान आम्हांस झालें तें आमच्या पुतण्याच्या अंगणांत. २०२२ च्या ऑक्टोबरांत आम्ही त्याच्याकडे ओहायो संस्थानांत गेलों होतों. पुतण्या सांगलीस शिकलेला मेकॅनिकल इंजिनीयर. पण आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणें त्यानें पदवी यंत्रांची घेतली आणि नोकरी संगणकाची केली. त्या वर्षाच्या वसंतांत ती नोकरी गेली. घराचे हप्ते थांबत नाहींत. तेव्हां त्यानें एक जुनी पिकअप विकत घेतली, १९९३ सालची, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांची, आणि लोकांचें सामानसुमान एका घरून दुसऱ्या घरीं पोंचविण्याचा उद्योग सुरू केला. पदवीचें सार्थक झालें तें असें. सूनबाई एका दवाखान्यांत काम करीत. तिचा पगार आणि या गाडीचें भाडें, यांवर तें घर उभें होतें.

आणि त्या गाडीच्या रेडिएटरमधलें पाणी रोज थोडें कमी होऊं लागलें. गाडीखालीं पाहावें तर ओल नाहीं. पाणी जातें कोठें? पुतण्यानें हा प्रश्न आम्हांस जेवतांना सांगितला तेव्हां त्याचा घांस हातांत राहिला होता. बाहेर दिसत नाहीं तें आंत जात असेल. आणि आंत म्हणजे कोठें, हें आतां वाचकांस सांगावयास नको. गिअरबॉक्स नवा करून घ्यायचा तर त्याला जो खर्च येतो त्याहून त्या गाडीची किंमत कमी होती. सोमवारीं एका कुटुंबाचें घर हलवायचें होतें; त्याचे अर्धे पैसे आधीं घेतले होते, आणि ते खर्चहि झाले होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे अंगणांत गेलों. गिअरबॉक्समधलें तेल पाहण्याची एक लांब सळई असते. ती पुतण्यानें एका पांढऱ्या कागदी रुमालानें धरून बाहेर ओढली. ती येतच राहिली, येतच राहिली, गारुड्याच्या पोतडींतून दोरी यावी तशी. टोंक बाहेर आलें. रुमालावर डाग पडला तो तांबडा आणि पारदर्शक. फेंस नाहीं, गुलाबी रंग नाहीं. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें तो रुमाल घडी करून खिशांत ठेवला. पाणी मग जात होतें कोठून, तें लगेच सांपडलें. रेडिएटरचा मधला जाळीदार भाग ॲल्युमिनियमचा आणि दोन बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांच्या सांध्यावर पांढरट खारा थर जमला होता. तेथून पाणी थेंबाथेंबानें येई आणि तापल्या धातूवर वाळून जाई, खालीं पोंचतच नसे. बाहेरची भिंत फुटली होती, आंतली शाबूत होती. पण बाहेरची फुटली तरी रेडिएटर बदललाच पाहिजे, आणि तो बदलायचा तर त्या दोन नळ्या सोडविल्याच पाहिजेत. म्हणजे जो गिअरबॉक्स वांचला तो आतां आपल्या हातून जाऊं नये, एवढ्यावर गोष्ट आली.

येथें ओहायोच्या मिठाविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत. त्या भागांत हिवाळ्यांत रस्त्यावर बर्फ जमूं नये म्हणून मीठ पसरतात. गांधीजींनीं ज्यासाठीं दांडीपर्यंत पायपीट केली तें मीठ तिकडे रस्त्यावर फेंकतात हें पाहून आम्हांस पहिल्यानें चमत्कारिक वाटलें. बर्फ त्यानें वितळतो खरा, परंतु तें खारें पाणी प्रत्येक गाडीच्या पोटाखालीं उडतें आणि लोखंडाला खातें. तीस हिवाळे काढलेल्या गाडीचा बोल्ट सोडविणें आणि आपल्याकडे कोकणांतल्या समुद्रकांठच्या घराचें कुलूप उघडणें हीं एकाच जातीचीं कामें आहेत. किल्ली फिरेल कीं मोडेल तें आधीं सांगतां येत नाहीं.

नळीचा सांधा असा असतो. नळीचें टोंक कर्ण्याच्या तोंडासारखें पसरलेलें असतें. तिच्या अंगावर एक नट अगोदरच ओवलेला असतो, अंगठींत बोट असावें तसा. हा नट रेडिएटरच्या टाकींतून बाहेर आलेल्या पितळी तोटींत फिरवून आवळला कीं कर्ण्याचें तोंड आंतल्या बैठकीवर घट्ट दाबलें जातें आणि तेल बाहेर येत नाहीं. ना रबर, ना डाख. सोडवितांना नट फिरावा आणि नळी स्थिर राहावी, ही अपेक्षा. पण गंजानें नट आणि नळी यांचें सख्य जमलेलें असतें. नट फिरविला कीं नळीहि त्याच्याबरोबर फिरते, आणि धुणें पिळावें तशी पिळली जाऊन फुटते. शिवाय तोटी ज्या टाकींत बसविलेली ती प्लॅस्टिकची. नटाला जोर लावला आणि तोटीला धरून ठेवलें नाहीं, तर तोटीच जागच्या जागीं फिरूं लागते आणि नट तसाच राहतो. म्हणून हें काम दोन पान्यांचें आहे. एक पाना फिरविणारा, दुसरा न फिरूं देणारा. पाहणाराचें लक्ष सगळें पहिल्यावर असतें. आम्ही दिवा धरून उभे होतों म्हणून आम्हांस दुसरा नीट पाहतां आला.

पानाहि साधा चालत नाहीं. साधा उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. गंजलेला मऊ नट त्यानें गोल होतो, आणि गोल झालेला नट जगांत कोणाचें ऐकत नाहीं. येथें लागतो तो कडीचा पाना, पण कडींत एक फट ठेवलेला, कीं त्या फटींतून नळी आंत घ्यावी आणि मग नटाला चोहोंकडून कवळावें. पुतण्याजवळ तो नव्हता. शेजारीं एक म्हातारे गृहस्थ राहत, कारखान्यांतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे तो होता, आणि पान्याबरोबर ते स्वतःहि आले, कारण तिकडे हत्यार उसनें दिलें कीं सल्ला त्याच्याबरोबर येतोच. आमचा अनुभव असा कीं हें आपल्याकडेहि निराळें नाहीं.

इंजिन पूर्ण थंड झालें होतें. रेडिएटरचें पाणी खालच्या तोटींतून बादलींत काढलें. सूनबाईनें बादलीवर लगेच पाट झांकला, कारण त्या हिरव्या पाण्याची चव गोड असते आणि तें कुत्र्यामांजरांना जिवावर येतें. रबरी नळ्या काढल्या, पंख्यावरचें आवरण काढलें. हें सारें तासाभरांत झालें. मग त्या दोन नळ्यांखालीं घमेलें सरकवून पुतण्यानें वरच्या नटाला पाना लावला. वरचा नट थोड्या कुरकुरीनंतर सुटला. खालचा हालेना. जरा जोर केला तेव्हां नळीनें अंग चोरल्यासारखें केलें, आणि पुतण्यानें तत्क्षणीं हात मागें घेतला.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आधीं आवळ."

आम्हांस वाटलें आम्हीं चुकीचें ऐकलें. पण त्यांनीं समजावून सांगितलें. जो नट सुटत नाहीं त्याला आधीं अगदीं केंसभर आवळावा; त्यानें गंजाची पापडी तडकते, आणि मग सोडवावा. केंसभर सोडवावा, पुन्हां आवळावा, पुन्हां सोडवावा. एकाच दिशेनें ओढीत राहिलें कीं तुटतें. घरांतल्या मोठ्या माणसांनीं अडलेलीं नातीं सोडवितांना हीच युक्ति केलेली आम्हीं पाहिली आहे. तेव्हां आम्हांस वाटे कीं हीं माणसें उगाच वेळ काढतात. असो. त्या दिवशीं ही युक्तीहि लागू पडली नाहीं. तेव्हां नटावर गंज भेदणारें पातळ तेल सोडलें, आणि ठरलें कीं रात्रभर त्याला तसेंच ठेवायचें.

पुतण्याच्या मनाची घालमेल आम्हांस दिसत होती. तो शनिवार होता. हातीं एकच दिवस उरला. एक सोपा मार्ग उपलब्ध होता आणि त्यानें तो बोलूनहि दाखविला: "काका, करवतीनें नळी कापून टाकतों, आणि मधें रबरी नळी घालून दोन पट्टे आवळतों. पुष्कळ लोक करतात." पुष्कळ लोक करतात हें खरें. पण थोड्या वेळानें त्याचें त्यानेंच सांगितलें कीं गुळगुळीत कापलेल्या टोंकावरून रबर जर घाटमाथ्यावर, भरल्या ओझ्यानिशीं, तापून निसटलें, तर गिअरबॉक्सचा पंप आपलेंच तेल आपल्याच हातानें रस्त्यावर ओतून टाकील, आणि चालकाला कळेपर्यंत आंत कांहीं उरणार नाहीं. करवत गॅरेजच्या भिंतीवरच राहिली. दिवाणखान्यांत मात्र कोणी फारसें बोललें नाहीं. सूनबाईनें सोमवारच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचें तें एकदां विचारलें, आणि उत्तराची वाट न पाहतां ती पोळ्या करायला गेली.

त्या रात्रीं आम्हांस त्या तांबड्या तेलाविषयीं थोडें वाचावयास मिळालें. त्याला तांबडा रंग मुद्दाम देतात, इंजिनाच्या तेलाहून तें वेगळें ओळखूं यावें म्हणून. जमिनीवर डाग पडला तर कोणाचें पोट फुटलें तें रंगावरून कळतें. पण आम्हांस खरें नवल वाटलें तें दुसऱ्या गोष्टीचें. जवळजवळ १९७० पर्यंत या तेलांत देवमाशाचें तेल मिसळीत असत. ज्या जातीच्या देवमाशाच्या प्रचंड डोक्यांत मेणासारखें तेल सांठलेलें असतें, त्याचेंच हें. चकत्या एकमेकींना धरतांना धक्का बसूं नये, हळूच पकड यावी, यासाठीं त्यासारखें दुसरें कांहीं नव्हतें. म्हणजे ओहायोंतल्या एखाद्या किराणावाल्याची गाडी विनाधक्का गिअर बदलीत होती, ती महासागराच्या तळाशीं बुडी मारणाऱ्या एका प्राण्याच्या जिवावर. १९७० सालीं अमेरिकेनें हा देवमासा नष्ट होऊं पाहणाऱ्या प्राण्यांच्या यादींत घातला, १९७३ सालीं अशा प्राण्यांच्या संरक्षणाचा मोठा कायदा झाला, आणि तेल करणारांना दुसरी वाट शोधावी लागली. त्यांनीं शोधलीहि. परंतु जनरल मोटर्सनें देवमाशाशिवाय जें पहिलें नवें तेल आणलें त्याचा एक अवगुण लौकरच उघडकीला आला: रेडिएटरच्या टाकींतल्या त्या नळकांड्याचा डाख तें खाऊं लागलें. मग गंजविरोधी द्रव्यें घालून त्याच दशकांत तें सुधारावें लागलें. समुद्रांतला एक प्राणी वांचवायला निघावें आणि त्याचा धक्का ओहायोंतल्या पितळी सांध्याला बसावा! जगांतल्या गोष्टी एकमेकींना कोठें जोडलेल्या असतात तें सोडवायला गेल्यावांचून दिसत नाहीं.

रविवारीं सकाळीं पुतण्या आमच्या आधीं उठला होता. आम्ही चहाचा पेला घेऊन गेलों तेव्हां तो नटाभोंवतीं तारेच्या ब्रशानें हळूहळू गंज काढीत होता. मग दोन्ही पाने लावले. आवळला, सोडविला; आवळला, सोडविला. नळी स्थिर आहे कीं नाहीं तें पाहण्याचें काम आमच्याकडे होतें. आम्हीं तिच्यावर खडूची एक रेघ ओढली होती आणि त्या रेघेवर दिवा धरून डोळा ठेवला होता. पांचव्या कीं सहाव्या खेपेस कड् असा बारीक आवाज झाला. रेघ हालली नाहीं. नट हालला. "काका, रेघ?" "जागेवर आहे," आम्हीं सांगितलें. त्यानंतर नट एकदां पुढें, दोनदां मागें, असा आटा आटा करीत बाहेर आला आणि तांबडें तेल घमेल्यांत पडूं लागलें.

नळ्यांचीं तोंडें उघडीं ठेवून चालत नाहीं. गिअरबॉक्सच्या आंत तेलाच्या ज्या वाटा आहेत त्या इतक्या अरुंद कीं वाळूचा कण गेला तरी झडप अडकावी. फडक्याचा बोळा घालावा तर त्याचे धागे आंत जातात. सूनबाईनें दवाखान्यांतल्यासारख्या रबरी हातमोज्याचीं दोन बोटें कापून दिलीं. तीं नळ्यांवर चढवून वरून रबराचें कडें बसविलें. दोन बोटें वर करून त्या नळ्या तशाच उभ्या राहिल्या, शाळेंत लघुशंकेची परवानगी मागणाऱ्या पोरांसारख्या. घमेल्यांतलें तेल आणि जुन्या रेडिएटरला तिरका करून त्यांतून निघालेलें तेल दुधाच्या रिकाम्या कॅनमध्यें ओतून मोजलें, कारण जेवढें गेलें तेवढेंच नवें घालायचें. अर्ध्या लिटरहून थोडें जास्त भरलें.

हल्लींच्या गाड्यांत नट नसतात, असें पुतण्यानें सांगितलें. नळी आंत ढकलली कीं खट् असा आवाज होऊन एक तारेचा चाप तिला धरतो. सोडवायचें तर वरचें प्लॅस्टिकचें टोपण मागें सारून तो चाप आंकड्यानें उचलायचा, किंवा नळीवर चढणारें खास नळकांडें आंत सारून चाप फांकवायचा. पाना नको, जोर नको. पण सोडवितांना तो चाप बहुधा वांकतो, आणि चार पैशांचा नवा चाप न घालतां जुनाच बसविणाराला पुढें केव्हां तरी सगळें तेल रस्त्यावर पाहावें लागतें. आम्हांस त्यापेक्षां नट बरा वाटला. तो निदान भांडतो तें तोंडावर भांडतो.

नवा रेडिएटर बसवितांना दुसऱ्या पान्याचें खरें महत्त्व कळलें. जुन्याची तोटी फिरली असती तर काम अडलें असतें, एवढेंच. तो भंगारांतच जायचा होता. पण नव्याची तोटी फिरली कीं आंतलें नळकांडें पिळलें, त्याचा सांधा चळला, आणि आपणच हौसेनें त्या सोवळ्याच्या भिंतीला चीर पाडून ठेवली. म्हणून नट आधीं बोटांनीं, आटे सरळ बसले अशी खात्री होईपर्यंत फिरवायचा, आणि मग एका हातानें तोटी धरून दुसऱ्यानें बेतानें आवळायचा. पुतण्यानें हें इतक्या सावकाश केलें कीं शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून, झोंप लागली कीं काय, असें विचारते झाले.

पाणी भरलें, तेल घातलें, इंजिन सुरू झालें. ब्रेकवर पाय ठेवून पुतण्यानें दांडा एकेका घरांतून फिरविला, म्हणजे तेल सर्व वाटांनीं जावें. इंजिनाचें तेल इंजिन बंद ठेवून पाहतात. त्या गाडीच्या गिअरबॉक्सचें मात्र इंजिन चालू असतांना आणि तेल तापल्यावर पाहावयाचें असतें. सळई पुन्हां ओढली, पुन्हां पांढरा रुमाल. सांध्यांवरून आम्हीं कोरडें बोट फिरविलें. कोरडेंच परत आलें. रात्रीं गाडीखालीं एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवला, आणि सोमवारीं पहांटे सूनबाई दिवा घेऊन तो पाहून आली. सहा वाजतां गाडी कोणाचे तरी पलंग आणि कपाटें आणायला निघून गेली.

जुना रेडिएटर गॅरेजच्या दाराशीं पडला होता. भंगारवाला ॲल्युमिनियमचा आणि पितळेचा भाव वेगळा देतो, म्हणून संध्याकाळीं पुतण्यानें टाकीच्या कडेचे वांकविलेले दांते स्क्रूड्रायव्हरनें एकेक उचलून ती वेगळी केली, आंतलें नळकांडें काढलें आणि आम्हांस पाहायला दिलें. वीतभराहून जरा लांब असेल. बाहेरून त्यावर पांढरट पुटें चढलीं होतीं. त्याचा पत्रा आमच्या घरच्या पितळी फुलपात्राच्या कांठाहूनहि पातळ होता. आम्हीं तें हातावर धरून तिरकें केलें. आंतून दोनचार थेंब तेल ओघळलें, तांबडें आणि स्वच्छ.